तारीख आणि पान: अमेरिकन सरकारच्या इमिग्रेशन खटल्यांत पॅरालीगल म्हणून काम सुरू करताना

अमेरिकेत इमिग्रेशनचा वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो एच-वन करून देणारा, ग्रीन कार्डाची फाइल पाठवणारा माणूस. समोर सरकारच्या बाजूनेही वकील उभे असतात आणि त्यांच्या मागे पॅरालीगल, म्हणजे वकिलांचे कायद्याच्या कामातले मदतनीस असतात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मी त्या समोरच्या बाजूला काही वर्षं काम केलं. ओळखीतल्या तीन-चार मुलामुलींनी, बहुतेक इथेच वाढलेल्या, अलीकडे विचारलं, "लॉ स्कूलच्या आधी दोन वर्षं हे करावं का?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी कोण कुठे बसतं ते समजून घ्या

इमिग्रेशन कोर्ट हे आपण समजतो तसं स्वतंत्र न्यायव्यवस्थेतलं कोर्ट नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीत, एक्झिक्युटिव्ह ऑफिस फॉर इमिग्रेशन रिव्ह्यू या कार्यालयाखाली चालतं. हे कार्यालय १९८३ मध्ये झालं. तिथे सरकारची बाजू मांडतात ते आइसचे वकील, म्हणजे होमलँड सिक्युरिटी खात्यातल्या इमिग्रेशन अंमलबजावणी संस्थेचे. तिथल्या निकालावर अपील जातं बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे, व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चला. बोर्डातही माणूस हरला तर त्याच्या हातात ३० दिवस असतात. तेवढ्यात फेडरल सर्किट कोर्टात, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील कोर्टात, याचिका दाखल करावी लागते. इमिग्रेशन न्यायाधीशाने खटला जिथे संपवला, त्या भागाच्या सर्किटमध्ये.

इथून पुढे सरकारतर्फे उभे राहतात न्याय खात्याच्या सिव्हिल डिव्हिजनमधले ऑफिस ऑफ इमिग्रेशन लिटिगेशनचे वकील. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'ऑइल' म्हणतात. तेव्हा पार्टीत कुणी "मी ऑइलमध्ये लागलो" म्हणालं तर तेलकंपनी समजू नका.

म्हणजे निकाल देणारे न्याय खात्याचे आणि वरच्या कोर्टात तो निकाल राखायला उभे राहणारेही न्याय खात्याचेच. नवख्याला हे विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण कार्यालयं वेगळी आहेत. 'आपलंच खातं' म्हणून खालच्या कोर्टातल्या कुणाशी केसबद्दल बोलायला जाऊ नका.

दुसरा ओघ जिल्हा कोर्टांतला. ९४ फेडरल जिल्हे आणि तिथले केंद्र सरकारचे मुख्य वकील म्हणजे ९३ यू.एस. ॲटर्नी (ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच). तिथे येतात ते कोठडीविरुद्धचे हेबियस अर्ज, नागरिकत्व नाकारल्याचे किंवा लांबवल्याचे दावे, नवीन नियमांना दिलेली आव्हानं, आणि 'माझा अर्ज वर्षानुवर्षं पडून आहे, निर्णय तरी द्या' असे मँडॅमस दावे. या शेवटच्या प्रकारात आपली आडनावं भरपूर दिसतील. नागरिकत्वाची मुलाखत होऊन १२० दिवसांत निर्णय आला नाही तर थेट जिल्हा कोर्टात जाता येतं, हे आपल्या लोकांना आता चांगलं ठाऊक झालंय. असे दावे कधी ऑइल लढवतं, कधी स्थानिक यू.एस. ॲटर्नीचं ऑफिस. पॅरालीगल दोन्हीकडे लागतात.

अर्ज करताना

जाहिराती यूएसएजॉब्ज या सरकारी नोकऱ्यांच्या साइटवर येतात. 'पॅरालीगल स्पेशालिस्ट' शोधा. पदाचा मालिका क्रमांक ०९५०. नव्या माणसाला जीएस-५ किंवा जीएस-७ ही सरकारी पगारश्रेणी, अनुभव किंवा पुढचं शिक्षण असेल तर ९, ११. पुण्या-मुंबईची एलएल.बी. असेल तर ती उपयोगाची आहे, पण आधी तिचं इथल्या मापाने मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव नको.

न्याय खात्याच्या या नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. १९५९ नंतर जन्मलेल्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीच्या यादीतली, नोंदणी दाखवावी लागते. एच-४ वर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असताना ती लागू नव्हती, पण २६ पूर्ण व्हायच्या आत ग्रीन कार्ड आलं असेल तर लागू होती. ही गोष्ट पुष्कळ मुलांच्या घरी कुणी सांगितलेलीच नसते.

मग पार्श्वभूमीची चौकशी. राहिलेले सगळे पत्ते सलग, मधे एका महिन्याचंही भोक न ठेवता. फॉर्म विचारेल तिथे परदेशातले नातेवाईक, परदेशातली मालमत्ता, खाती. आईबरोबरचं सहकारी बँकेतलं जॉइंट खातं, वडिलांनी तुमचं नाव घातलेला कोथरूडचा फ्लॅट, सगळं लिहा. असं काही असल्याने नोकरी जात नाही; लपवल्याने जाते.

पहिला महिना: रेकॉर्ड वाचायला शिका

सर्किट कोर्टातल्या केसमध्ये साक्षीदार येत नाहीत, नवे पुरावे येत नाहीत. कायदा स्पष्ट सांगतो की कोर्टाने निर्णय करायचा तो फक्त खालून आलेल्या प्रशासकीय रेकॉर्डवर. जे त्या बाडात नाही ते घडलंच नाही असं समजून सगळ्यांनी वागायचं. म्हणून तुमची खरी नोकरी त्या बाडापासून सुरू होते.

बाड काही शे पानांचं असतं, कधी हजारांच्या वर. प्रत्येक पानाच्या तळाशी क्रमांक. साधारणपणे वर बोर्डाचा निकाल, मग बोर्डापुढचे युक्तिवाद, मग इमिग्रेशन न्यायाधीशाचा निकाल, साक्षीची टंकलिखित प्रत, पुरावे, आणि कुठेतरी खोलात ते पहिलं पत्र, नोटीस टू अपिअर, ज्याने सगळं सुरू झालं. म्हणजे गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची. मी पहिले काही दिवस पुढून वाचत गेले आणि काहीच कळेना. मग एका जुन्या सहकारी बाईंनी सांगितलं, "मागून ये." तेव्हापासून मी नोटिशीपासून वर चढते.

वाचताना एका कागदावर टिपणं काढा: काय, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर. पान क्रमांक नसलेली टीप कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची असते. वकिलाला रात्री नऊ वाजता 'तिने पोलिसांकडे तक्रार केली होती' एवढं सांगून भागत नाही. ४१२ वर की ४२१ वर, ते हवं असतं.

मग तपासणी. पानं सलग आहेत का? दुसऱ्याच माणसाचा कागद चुकून आत आलाय का? प्रत्येक परदेशी नागरिकाच्या फाइलला ए-नंबर असतो. प्रत्येक कागदावरचा ए-नंबर बघत जा, एका आकड्याच्या चुकीने परका माणूस फाइलमध्ये येऊन बसतो. साक्षीच्या प्रतीत 'ऐकू आलं नाही' असं कुठे छापलंय, आणि ते नेमकं महत्त्वाच्या उत्तरात आहे का? काही गहाळ असेल तर आज सांगा. रेकॉर्डात भर घालायची सोय नियमांत आहे, पण ती लवकर सांगणाऱ्याच्या उपयोगाची.

भारतातून आलेल्या आश्रय-अर्जांत सरपंचाचा दाखला, एफआयआरची प्रत, डॉक्टरचं सर्टिफिकेट हे हमखास असतं. आणि इथे मराठी माणसाला जे चटकन दिसतं ते ऑफिसातल्या इतरांना दिसत नाही. पहिलं म्हणजे तारखा. ०३/०४/२०१९ हा भारतीय कागदावर ३ एप्रिल, अमेरिकन डोळ्याला ४ मार्च. आश्रयाच्या खटल्यात माणसाच्या विश्वासार्हतेवरच सगळं उभं असतं, आणि 'साक्षीत एप्रिल म्हणाला, कागदावर मार्च आहे' असा फरक खरं तर फरकच नसू शकतो. दुसरं, नावं. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्टावर एकच नाव असल्याने अमेरिकन व्हिसावर 'एफएनयू' छापलेलं. म्हणजे पहिलं नाव अज्ञात. हे तीन वेगळे लोक नव्हेत, एकच बाई आहे, हे तुम्हाला पाच सेकंदांत कळतं.

पण देवनागरी वाचता येते म्हणून ब्रीफमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी युक्तिवादात) आपलं भाषांतर घुसवायचं नाही. रेकॉर्डात प्रमाणित भाषांतर आहे तेवढंच चालतं. मूळ कागद आणि भाषांतर जुळत नाही असं वाटलं तर वकिलाला वेगळी टीप द्या, दोन्ही पानांचे क्रमांक घालून, आणि बाजूला व्हा. ती विसंगती सरकारच्या फायद्याची असो की तोट्याची, टीप तितक्याच तत्परतेने द्या. रेकॉर्डात खालच्या कोर्टाची चूक उघड दिसली तर सरकारचे वकील स्वतः कोर्टाला 'केस परत पाठवा' म्हणू शकतात, आणि म्हणतात. असं एक पान मला सापडलं होतं. तेवढा आनंद जिंकलेल्या केसनेही मला क्वचितच दिला.

दिवस मोजणं

ही पायरी सोपी वाटते आणि माणसं इथेच घसरतात.

घटनेचा दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. ३ मार्चच्या निकालावर ३० दिवस म्हणजे २ एप्रिल. शनिवार-रविवार मोजायचे, सुट्ट्याही मोजायच्या. फक्त शेवटचा दिवस त्यावर पडला तर पुढचा कामाचा दिवस धरायचा. उदाहरणार्थ, १ मे २०२५ ला याचिकाकर्त्याचं ब्रीफ मिळालं आणि आपल्याला ३० दिवस आहेत, तर ३१ मे येतो शनिवारी, म्हणून मुदत सोमवार, २ जून. ऑनलाइन दाखल करताना मध्यरात्र धरायची ती कोर्टाच्या गावची. नवव्या सर्किटचं मुख्य ठाणं सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे तीन. हे माहीत असावं, आणि त्यावर कधी विसंबू नये.

सर्वसाधारण क्रम असा: याचिका बजावल्यापासून ४० दिवसांत रेकॉर्ड दाखल, त्यानंतर ४० दिवसांत याचिकाकर्त्याचं ब्रीफ, त्यानंतर ३० दिवसांत आपलं, मग २१ दिवसांत त्यांचं प्रत्युत्तर. निकालानंतर फेरविचाराच्या अर्जाला ४५ दिवस, सुप्रीम कोर्टाकडे जायला ९०. पण प्रत्येक सर्किटचे स्वतःचे नियम आणि वेळापत्रकाचे आदेश असतात, आणि आदेश आला की वरचं गणित बाजूला. म्हणून कोर्टाची प्रत्येक ईमेल उघडून आतला कागद पूर्ण वाचायचा. विषयाच्या ओळीवरून तारीख लिहू नका. मी एकदा लिहिली होती. वकिलाने दुपारी विचारलं म्हणून निभावलं.

जिल्हा कोर्टात सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात, आणि ते यू.एस. ॲटर्नीला समन्स बजावल्यापासून मोजायचे. दाव्याची प्रत ॲटर्नी जनरलला कधी मिळाली, खात्याला कधी, यू.एस. ॲटर्नीला कधी, या तीन तारखा वेगळ्या असू शकतात. तिन्ही लिहून ठेवा, तिसरीवरून मोजा.

लाल शाईने लिहायच्या त्या दोन गोष्टी. एक, हेबियस: तिथे न्यायाधीश दिवसांचीच नव्हे, कधी तासांचीही मुदत देतात. दोन, स्थगितीचा अर्ज. सर्किटमध्ये याचिका दाखल झाली म्हणून माणसाची रवानगी आपोआप थांबत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या नकेन निकालातल्या चार कसोट्या लावून कोर्ट स्थगिती देतं किंवा नाकारतं. हा अर्ज आला की पहिला प्रश्न एकच: हा माणूस कुठे आहे आणि त्याच्या विमानाची तारीख ठरलीय का? आइसकडून ते उत्तर मिळवून वकिलापर्यंत पोचवणं बहुधा तुमच्याकडे येतं. त्या दिवशी जेवायची सुट्टी नसते.

ब्रीफ पूर्ण करणं

मजकूर वकील लिहितो, उभं तुम्ही करता. अक्षरं १४ पॉइंटची, मर्यादा १३,००० शब्दांची, अनुक्रमणिका, आधारांची सूची, शब्दसंख्येचं प्रमाणपत्र, बजावणीचं प्रमाणपत्र. कागदी प्रत लागली तर आपलं मुखपृष्ठ लाल, समोरच्याचं निळं, त्यांच्या प्रत्युत्तराचं राखाडी.

आधार तपासणं हा यातला कष्टाचा भाग. प्रत्येक उद्धरण मूळ निकाल उघडून शब्दागणिक ताडायचं, पान ताडायचं, आणि तो निकाल अजून जिवंत आहे का ते बघायचं. इमिग्रेशनमध्ये निकाल फार लवकर मरतात. 'मॅटर ऑफ ए-बी-' हा आश्रयाबद्दलचा निकाल २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल सेशन्स यांनी दिला, २०२१ मध्ये गार्लंड यांनी तो मागे घेतला. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लोपर ब्राइट खटल्यात शेव्हरॉनचा (कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ मानायचा, हा) ४० वर्षांचा सिद्धांतच मोडीत काढला, आणि आमच्या जुन्या ब्रीफांतले तयार परिच्छेद एका सकाळीत निकामी झाले. जुन्या ब्रीफमधून उचललेला उतारा म्हणजे शिळा भात. फोडणी देता येते, पण आधी वास घेऊन बघा. आणि एआयने सुचवलेला निकाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूचीत घालू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता.

एक गंमत. सर्किटमधल्या याचिकांत प्रतिवादी म्हणून ॲटर्नी जनरलचं नाव असतं. त्यामुळे केसच्या नावावरूनच काळ ओळखता येतो, आपण पेशव्यांवरून ओळखतो तसा: रिनो, ॲशक्रॉफ्ट, गोन्झालेस, मुकेसी, होल्डर, लिंच, सेशन्स, बार, गार्लंड, बॉन्डी. ॲटर्नी जनरल बदलले की चालू खटल्यांच्या शीर्षकात नवं नाव आपोआप लागू होतं, आणि मग कुणीतरी शहाणा पूर्ण ब्रीफवर 'शोधा आणि बदला' चालवतो. आधारांच्या सूचीतले बार यांच्या काळातले सगळे निकालही एका फटक्यात नव्या साहेबांच्या नावावर जमा होतात. शीर्षक हाताने बदला.

दाखल करणं सीएम-ईसीएफ या कोर्टांच्या ऑनलाइन व्यवस्थेवरून होतं. त्याचं प्रशिक्षण ऑफिस देतं. पहिल्या काही वेळा शेजारी कुणाला तरी बसवा, एवढंच.

झाकायचं ते झाका, आणि तोंडही

सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, जन्माचं फक्त वर्ष, लहान मुलांची फक्त आद्याक्षरं. बाकी काळं करायचं. पीडीएफवर काळा चौकोन काढला म्हणजे खालचा मजकूर गेला असं नव्हे, तो निवडून कॉपी करता येतो. त्यासाठीची खास सोय वापरा आणि मग स्वतः कॉपी करून बघा. इमिग्रेशन केसची कागदपत्रं जनतेला घरबसल्या दिसत नाहीत, कोर्टात जाऊन बघावी लागतात, हे खरं. त्या भरवशावर राहू नका. आश्रय-अर्जाचा मजकूर तर गुप्तच असतो. घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या बायकांच्या अर्जांना कायद्याचं वेगळं संरक्षण आहे आणि ते जाणूनबुजून मोडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होतो.

आता मंडळाच्या गणपतीतला प्रसंग. आरती झाली, प्रसाद हातात, आणि काकू विचारतात, "तू तिथेच आहेस ना गं? आमच्या भाच्याचं आय-४८५, ग्रीन कार्डाचा अर्ज गं, कुठे अडकलंय, जरा बघ ना." उत्तर एकच: "काकू, बघता येत नाही." कामाशिवाय कुणाचं सरकारी रेकॉर्ड उघडलं तर त्याची नोंद राहते आणि नोकरी जाते, माहिती बाहेर दिली तर १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टखाली गुन्हाही होतो. मग काकू म्हणतात, "बरं, निदान फॉर्म तरी भरून दे." तेही नको. सरकारी नोकराने सरकारपुढे दुसऱ्याच्या वतीने उभं राहण्यावर कायद्याची बंधनं आहेत. अगदी जवळच्या नात्यासाठीही आधी ऑफिसच्या एथिक्स अधिकाऱ्याला विचारा. आणि ओळखीच्या माणसाची केस समोर आलीच तर पहिलं पान उलटायच्या आत वरिष्ठांना सांगा.

याचिकाकर्त्याच्या घरच्यांचा फोनही कधी येतो. मराठी किंवा हिंदी बोलणारी आई असली तर जीव खालीवर होतो. त्यांना वकील असेल तर "तुमच्या वकिलांशी बोला" यापलीकडे एक शब्द नाही. वकील नसेल तरी कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. तो देण्याचा अधिकार पॅरालीगलला कुणाच्याच बाजूने नाही. वकिलाला निरोप देता येतो, आणि आवाज मऊ ठेवता येतो.

सुरुवातीचा सराव

रुजू होण्याआधी एक जुना निकाल वाचून ठेवा: 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध पंडित', नववं सर्किट, १९२६. सखाराम गणेश पंडित, नाव वाचताच आपले कान टवकारतात, हे लॉस एंजेलिसचे वकील. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं. पुढे १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही असं ठरवलं. त्या खटल्यात थिंड यांचे वकील पंडितच होते. त्यानंतर सरकारने भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला सुरुवात केली आणि पंडितांवरही दावा आला. सर्किटने म्हटलं, हा प्रश्न १९१४ मध्येच कोर्टापुढे ठरून गेलाय, सरकारला तो पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सरकारला दाद दिली नाही.

निकाल छोटा आहे. वही घेऊन बसा आणि लिहा: अपील कुणी केलं, खाली कोण जिंकलं होतं, कोणती गोष्ट कोणत्या तारखेला घडली, आणि कोर्टाने ती कोणत्या पानावर नोंदवलीय. त्यात हरलेली बाजू तुमची असणार आहे.